पायातली अढी

सगळ्या मुलींनी एकदम डावा पाय उचलला आणि तो खाली टेकवण्याआधी क्षणभर हवेतच धरला. हनुवट्या किंचित वर गेल्या, ओठ मिटले, आणि मग पावलं खाली आली ती टाच वाचवत, चवड्याच्या बाहेरच्या कडेवर. समोरच्या आरशात तेच पुन्हा झालं. अंग मोकळं करायचं म्हणून त्या आपल्या आपण काहीतरी नाचत होत्या. नव्या मॅडम आत आलेल्या त्यांना दिसल्याही नव्हत्या, आणि ही नवी मॅडम मात्र दारातच खिळून राहिली, कारण तिच्या डाव्या टाचेत कळ गेली होती. टाच बरी होऊन अर्धं आयुष्य लोटलं होतं. थंडीने, जिन्यांनी, लांबच्या प्रवासाने, कशानेही ती आताशा दुखत नसे. "हे काय होतं?" तिने विचारलं. मुली दचकून वळल्या. लांब मानेची एक होती, तिला बाकीच्या बगळी म्हणत. तीच काय ती धीट निघाली. "कुठलं, मॅडम?" "आत्ता पाय अडकवलात ते." "ते होय? ती अढी," बगळी म्हणाली आणि पुन्हा करून दाखवली, अगदी सहज, केस मागे सारावेत तशी. "'काठ'मधली. पहिल्या वर्षालाच शिकवतात. परीक्षेत दहा मार्क असतात तिला." "दहा! आणि तुला किती पडले?" "नऊ," बगळी जरा ओशाळून म्हणाली. "माझी लांबते."

विद्यापीठाच्या लेखी ती पाहुणी कलाकार होती. एका सत्रापुरतं यायचं, मुलींना शिकवायचं, शेवटी त्यांच्याकडून 'काठ' बसवून घ्यायचा, टाळ्या आणि गुच्छ घ्यायचा आणि आल्या वाटेने चालू लागायचं. 'काठ' हा तिच्या गुरूंचा, सरांचा, सगळ्यात गाजलेला नाच. विभागाच्या दारावर सरांचं नाव होतं, जिन्यात सरांचे फोटो होते, आणि सगळ्यात मोठा फोटो होता तो कुण्या एका नर्तिकेचा, कमरेपासून खालचा: एक पाय हवेत, बोटं किंचित आखडलेली. खाली नाव सरांचं. आपल्या पायाला आपण ओळखणार नाही असं कसं होईल? ती त्या फोटोखालून रोज जायची आणि रोज तिच्या मनात एकच येई, की निदान तोंड तरी ठेवायचं होतं. पायापुरतीच हवी होते मी यांना. मुलींना यातलं काही माहीत नव्हतं. 'काठ' पहिल्यांदा नाचली ती ही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगायचं कुणी, तर विभागप्रमुखांनी, आणि विभागप्रमुख होती तिची सख्खी धाकटी बहीण. फोनवर धाकटी म्हणाली होती, "ये ना ताई. सरांचा सत्कार आहे, 'काठ' तूच बसव." आणि जरा थांबून, "तुला तरी आता दुसरं कोण बोलावतंय?" धाकटीला लहानपणापासून हीच खोड, साखर द्यायची ती चिमटा काढून. फोन ठेवल्यावर तिला वाटलं होतं, जाऊ नये. आणि मग वाटलं, जावंच. का, ते तेव्हा तिलाही धड ठाऊक नव्हतं. त्या सकाळी दारात उभी असताना ते कळलं.

'काठ'चा पहिला हंगाम तिला आठवायचा तो चेहऱ्यांनी नाही, वासांनी. ओल्या लाकडाचा, घामट पट्ट्यांचा, दुखऱ्या जागी चोळायच्या मलमाचा वास. ती विशीत होती आणि सरांनी तिला पुढे उभं केलं होतं. तालमीत एकदा उडी चुकली, टाचेत काहीतरी कट्‌ झालं, आणि त्यानंतर त्या एका गिरकीनंतर डावं पाऊल खाली ठेवायची वेळ आली की पाय आपण होऊनच हवेत थबके. ती थबकत नव्हती. पाय थबकत होता. डॉक्टर म्हणाले, हाडाला केसाएवढी चीर आहे, महिनाभर पाऊल टेकवू नका. ती सरांच्या खोलीत गेली, तिथे चारचौघे बसले होते, आणि म्हणाली, "सर, पाय दुखतोय." सर म्हणाले, "पाय असला की दुखायचाच." सगळे हसले. तीही हसली. इतकी वर्षं झाली, सरांच्या वाक्यापेक्षा आपलं ते हसणंच तिला जास्त झोंबत आलं होतं. सर शब्दांचे महाकंजूष. तालमीत ते समोर खुर्चीवर बसत आणि नुसतं जागेचं नाव ओरडत, "वळण!", "कंबर!", "श्वास!"; आणि ती गिरकी संपली, पाय हवेत थबकला, की तिच्याकडे बोट रोखून ओरडत, "अढी!" रोज, न चुकता. सगळे धरून चालले की त्या जागेचं नाव अढी. पहिल्या प्रयोगाला त्या क्षणी अख्खं सभागृह श्वास रोखून बसलं. पाय टेकला तेव्हा टाळ्या पडल्या, आणि टाळ्यांच्या आत तिला आपलं हाड ऐकू येत होतं. वर्तमानपत्रांनी लिहिलं, माणसाच्या मनातला सगळा संकोच या एका पावलात आहे म्हणून. संकोच! बर्फाच्या टबात पाय बुडवून ती ते वाचत होती आणि धाकटी खाली फरशीवर बसून बर्फ बदलत होती. हंगाम संपेपर्यंत चीर फट झाली. सर म्हणाले, बरी झालीस की ये. ती बरी झाली तेव्हा तिच्या जागी धाकटी नाचत होती, तिच्याच मापाच्या कपड्यांत, आणि त्या जागी आली की तीही पाय हवेत धरत होती. तिच्या पायाला तर काहीही झालं नव्हतं. मागच्या रांगेत उभं राहून, टबाशी बसून, ही बया नुसती बघत होती म्हणायची. दुसऱ्याने कळ सोसावी आणि हिने ती अंगावर घालून मिरवावी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो आपल्याच घरात निघाला, हे तिने तेव्हा मनाशी धरलं आणि गाव सोडलं. मग परक्या शहरात लहान मुलांना नाच शिकवणं, स्वतःची एक छोटी मंडळी, ती मोडणं, पुन्हा जमवणं. आईच्या आजारपणात दोघी रुग्णालयाच्या बाकावर शेजारी बसल्या, औषधांच्या वेळांखेरीज बोलल्या नाहीत. कच्ची फळं गवताच्या अढीत दडपून ठेवली की आतल्या आत पिकतात. मनातली अढीही तशीच असते, कुणी उघडून बघत नाही, पण वास सुटायचा तो सुटतोच.

पहिल्या आठवड्यात धाकटीने तिला आपल्या खोलीत चहाला बोलावलं. धाकटीचे केस पिकले होते आणि ते तिने रंगवले नव्हते, याचाही तिला राग आला. खिडकीत कुंड्या, टेबलावर परीक्षेच्या उत्तरपत्रिका, भिंतीला टेकवलेली घडीची चाकाची खुर्ची. "सरांची," धाकटी म्हणाली. "येतात कधी कधी, तालीम बघायला. माणसं ओळखत नाहीत आता. पावलं मात्र ओळखतात. परवा शिपाई जिना चढत होता, तर म्हणाले, याचा उजवा गुडघा गेलाय." "आणि गेलाच असणार," ती म्हणाली. "हो ना." दोघी हसल्या, आणि हसलो हे लक्षात येताच थांबल्या. "'काठ'मधलं काय बदलायचं ते बदल," धाकटी म्हणाली, "कपडे, वाद्यं, उजेड, मीही बदलत आले. तेवढी एक जागा सोडून." "कुठली?" "कुठली म्हणजे? अढी." "का बरं?" धाकटीने चमचा बशीत ठेवला. तिच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे बघितलं. "तुला नाही माहीत?" धाकटी म्हणाली. ते तीन शब्द घेऊन ती पाहुण्यांच्या खोलीवर गेली. तिथली किटली, तिथला एकच कप, खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकलेले मोजे, सगळीकडून ते तीन शब्द तिला ऐकू यायला लागले. तुला नाही माहीत. चोराने मुद्देमाल दाखवावा आणि वर विचारावं, ओळखलंस का? तिने मोजे घडी केले, पुन्हा उलगडले. आणि तिथे उभ्याउभ्या तिचं ठरलं. यांचं घर ज्या खिळ्यावर टांगलंय तो खिळाच उपटायचा. भांडायचं नाही, ओरडायचं नाही, भाषण करायचं नाही. सत्काराच्या दिवशी, सरांच्या डोळ्यांदेखत, 'काठ' अढीवाचून नाचवायचा. माझं आहे ते मी परत नेते. ते गेल्यावर मागे काय उरतं ते बघत बसा दोघे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला गाढ झोप लागली.

तालमीला तिने धाकटीला येऊ दिलं नाही. "तू आलीस की मुली बिचकतात. एकदम प्रयोगालाच बघ." धाकटी म्हणाली, "तुझं राज्य आहे, ताई." मग दार लावून ती कामाला लागली, आणि कामाला लागल्यावर कळलं की हे खिळा उपटण्याइतकं सोपं नाही. मुलींची पावलं ऐकेनात. "थांबायचं नाही," ती सांगे, मुली माना डोलावत आणि थांबत. त्यांच्या डोक्यांना कळत होतं, पण पोटऱ्यांना ज्या वयात जे शिकवलं ते शिकवलं. तिने त्यांना डोळे मिटून चालायला लावलं, उलटं चालायला लावलं, तोंडाने गाणं म्हणत गिरकी घ्यायला लावली. शेवटी त्या जागेच्या अलीकडे ती स्वतःच जोरात टाळी वाजवू लागली आणि ओरडू लागली, "चल!" सरांसारखंच समोर बसून, सरांसारखाच एक शब्द, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने खुर्ची सोडून जमिनीवर बसायला सुरुवात केली, एवढंच. एकेक मुलगी सुटत गेली. एकीचा पाय थेट खाली आला की तिला जे बरं वाटे ते काही शिकवण्याचं सुख नव्हतं, हे ती जाणून होती. खपली काढताना जसं दुखतं आणि हात थांबत नाही, तसलं ते होतं. मधूनच हे गेलं की आपण इथे होतो याची दुसरी काही खूण या इमारतीत नाही, असं काहीतरी तिच्या मनात येई आणि ती ते झटकून टाके. आपल्या पोराला चोराने वाढवलं म्हणून पोर चोराकडेच राहू द्यायचं का? बगळी सगळ्यात शेवटी सुटली. "मॅडम, तेच तर लोकांना आवडतं," ती रडवेली होऊन म्हणाली. "ते काढलं की पाय रिकामा वाटतो." "रिकामाच असतो पाय. तुझ्या पायाला काही झालंय का?" "नाही." "मग कशाला थांबतेस?" बगळीने विचार केला. "माहीत नाही. थांबलं की काहीतरी होतं आत. कुणाचं तरी." तिने टाळी वाजवली. "चल!" बगळीने पाय टेकवला, सरळ, आणि मग गाल पुसत म्हणाली, "मोठ्या मॅडमना विचारलंत का हे?" "तुमच्या मोठ्या मॅडम माझ्यापेक्षा धाकट्या आहेत," ती म्हणाली. मुली हसल्या, आणि विषय संपला.

सत्काराच्या दिवशी सभागृह भरलं होतं. भाषणं झाली, विद्यापीठातला एक गृहस्थ अढीबद्दल बराच वेळ बोलला, संकोच, उंबरा, मनुष्यत्व वगैरे. सर पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत बसले होते, अंगात सैल स्वेटर, गुडघ्यांवर दोन मोठाले हात. किती लहान झाला होता हा माणूस! पण तिला कीव येईना. कीव यावी म्हणून ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, तरीही नाही आली. सरांच्या पलीकडे धाकटी बसली होती. ती स्वतः बाजूच्या भिंतीशी उभी राहिली, जिथून रंगमंच अर्धाच दिसत होता आणि ते दोन चेहरे पूर्ण. दिवे गेले. 'काठ' सुरू झाला. रंगमंचाकडे तिने बघितलंच नाही. पावलांच्या आवाजावरून ती नाच मोजत होती. वळण. कंबर. आता त्या पाठमोऱ्या होतील, आता हात सोडतील, आता गिरकी. तळहात भिंतीवर टेकवून ती सरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. अख्खं सभागृह पुढे झुकलं, श्वास रोखून, कारण आता ती जागा येणार हे साऱ्यांना ठाऊक होतं. आणि पावलं थेट पडली. सगळी एकदम, एक आवाज. जागा येऊन गेलीसुद्धा. रोखलेल्या श्वासांचं काय करायचं हे लोकांना कळेना, कुणीतरी खोकलं. धाकटीचा हात तोंडाकडे गेला आणि तिथेच राहिला. आणि सरांनी डोळे मिटले. बसलं, ती मनात म्हणाली, बसलं वर्मी. तिला ओरडावंसं वाटलं आनंदाने. सरांचे ओठ हलत होते, गुडघ्यावरचे हात उघडले होते, आणि गालावरून पाणी वाहत होतं. तिने ते डोळे भरून बघितलं.

टाळ्या पडल्या, पण गोंधळलेल्या पडल्या. माणसं पांगल्यावर ती सरळ सरांकडेच गेली. लपायचं कशाला? आपण कोण हे सांगायचं, नाव सांगायचं, मग निघायचं, एवढं शेवटचं तेवढं राहिलं होतं. धाकटी खाली वाकून सरांच्या स्वेटरची बटणं लावत होती. तिने वर बघितलं नाही. "बाई," सर म्हणाले, "हे तुम्ही बसवलंत?" "हो. मी." "इकडे या." त्यांनी तिचा हात धरला. त्यांचा हात गरम होता, हे तिला विचित्र वाटलं. "तुम्ही काढलीत ती." "काय काढलं?" "अढी हो! पायातली अढी. मेलो मी ओरडून ओरडून. एक पोरगी होती माझ्याकडे, फार गुणाची. सगळं लख्ख करायची, पण त्या जागेवर आली की हिचा पाय अडखळायचा. रोज ओरडायचो, अढी, अढी, काढ ती अढी पायातली. काढेल तर शपथ." तिला ते ओरडणं ऐकू येत होतं, जसंच्या तसं, आणि त्यातला शब्द तोच होता. "तिचा पाय मोडला होता," मग ती म्हणाली. "काय म्हणालात?" "पाय मोडला होता तिचा!" उरलीसुरली माणसं वळून बघू लागली. सर मान हलवत होते, ऐकू आलं की नाही कोण जाणे. "मग लोक टाळ्या वाजवायला लागले. टाळ्या पडल्यावर काय बोलणार? गप्प बसलो. अहो, त्या चुकीवर माझे सत्कार झाले." ते हसले, हसता हसता त्यांना धाप लागली. मग त्यांनी वाकलेल्या धाकटीकडे बोट केलं. "आणि ही एक हट्टी. दरवर्षी हिला सांगतो, ती पोरगी गेली, आता तरी काढ. ही म्हणते, सर, बाकी सगळं तुमचं. तेवढं एक ताईचं आहे. मी इथे आहे तोवर ते निघायचं नाही. भांडते माझ्याशी! परीक्षेला घालून ठेवलं, का, तर पुढे कुणाला काढता येऊ नये." त्यांनी तिचा हात थोपटला. "तुम्ही निस्तरलंत, बाई. माझा नाच मला परत दिलात."

धाकटी शेवटचं बटण लावत होती. ते काजात जात नव्हतं. तिचं डोकं खालीच होतं, पिकल्या केसांचा भांग सरळ तिच्यासमोर. तिला धाकटीला हाक मारायची होती, लहानपणी मारायची ती हाक. तोंड उघडलंही, पण इतकी वर्षं तिथे दुसरंच काही भरून ठेवलेलं होतं, ते आता ज्याच्यावर काढावं असं माणूस उरलं नव्हतं आणि हाकेला वाट नव्हती. सूड म्हणून जे काही करायचं होतं ते झालं होतं. सगळं मनासारखं झालं होतं, आणि जिचं काहीतरी गेलं होतं ती ती स्वतः होती. तेवढ्यात बगळी पडद्यामागून धावत आली, कपाळावर घाम, अजून नाचाच्याच कपड्यांत. तिने एकदा धाकटीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि दोघींच्या मधोमध कुठेतरी बघत विचारलं, "मॅडम, उद्याच्या प्रयोगालाही असंच करायचं ना?"

धाकटीने बटण तसंच सोडून दिलं.

"असंच," सर म्हणाले. "अगदी असंच."

बगळीने मान डोलावली आणि ती बाकीच्यांना सांगायला आत गेली.